खांबाला लावलेला हात

शिरूर कासार
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नबी सर,
सविनय जयभीम.

फोन केला होता. जाकीरभाईंनी उचलला आणि म्हणाले, "अब्बांना माझ्या गॅरेजातला हातोडा ऐकू येत नाही, तुमचा आवाज काय येणार? पत्र लिहा." म्हणून लिहितेय. शाळेत तुम्ही माझी वही बघून म्हणायचात, "कोंबडी नाचली का गं हिच्यावर?" कोंबडी अजून नाचतेच आहे, सांभाळून घ्या.

सर, माझ्या हातून एक निवाडा झालाय. तो बरोबर झाला का, हे तुम्हालाच विचारायचं आहे. इथं ज्याला विचारावं तो आपापल्या सोयीचं बोलतो.

दिवाळी झाली तशा टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. गेल्या शुक्रवारी तात्याबा मुकादमाची टोळी निघाली. निघायच्या आधी कोयत्यांची पूजा असते. नारळ फुटतो, कोयत्यांवर दारू शिंपडतात, मग उरलेली टोळीत फिरते. आईबाप चाललेत म्हणून आमच्या वसतिगृहातली लेकरं निरोपाला गेली होती. परत आली तेव्हा हजेरीला मी उभी होते. चौघांच्या तोंडाला वास. कबड्डीतला सौरभ, प्रवीण, त्यांचा एक जोडीदार. आणि चौथी माझ्या खो-खो संघातली दीपमाला.

दीपीला तुम्ही पाहिलेलं नाही. नववीत आहे, अंगानं काडी, पण खांबावर सूर मारते तेव्हा समोरच्या संघाचे मास्तरसुद्धा टाळी वाजवतात. खो-खोची जिल्ह्याची फायनल आम्ही तिच्या जिवावर काढली. पुढच्या महिन्यात संभाजीनगरला विभागीय सामने आहेत. तिथं नजरेत भरली तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळेल, राहणं-खाणं-शिक्षण सगळं. नाही मिळाली तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू. तिच्या मामानं पोरगा बघून ठेवलाय. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. पंधरा वर्षांची पोर अर्धा कोयता होऊन जाईल.

आमचा नियम तुमच्याकडूनच घेतलेला आहे. खेळाचं वर्ष सुरू होताना मैदानातल्या खांबाला हात लावायचा आणि म्हणायचं, गुटखा नाही, तंबाखू नाही, दारू नाही. मोडलं तर संघाबाहेर. कबड्डीचे सोमेश्वर सरही आपल्या पोरांना त्याच खांबाकडं आणतात.

हेडमास्तर म्हणाले, "पोरं हायत, मैदानाला चकरा मारू द्या अन् सोडा. पोरीचं अवघड हाय. तिला तिच्या आईबापाकडं कारखान्यावर पाठवून द्या." मी म्हटलं, चौघं एकाच पूजेतली प्यायली, मग माप एकच. लई भांडले सर. शेवटी ठरलं की विभागीय सामने होईपर्यंत चौघंही संघाबाहेर आणि चौघंही वसतिगृहातच. दीपीच्या वसतिगृहाचं जानेवारीत पुन्हा बघू, असं शेपूट हेडमास्तरांनी लावलंच.

त्या संध्याकाळी पोरं खिदळत होती आणि दीपी नळापाशी ओकत होती. "घेतली मॅडम. चुकी झाली," एवढंच बोलली. मी तिला जवळही घेतलं नाही. तो वास मला सोसत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पोराला एक आणि पोरीला दुसरं, असं मी होऊ दिलं नाही. बरोबर केलं ना?

तुमची विद्यार्थिनी,
आम्रपाली

*

नांदूरघाट
१९ नोव्हेंबर २०२४

बेटी आम्रपाली,
दुवा.

अक्षर सुधारलंय. कोंबडी म्हातारी झाली वाटतं, नाचत न्हाई, नुसती चालती.

हेडमास्तराशी भांडलीस, लई ग्वाड वाटलं. एवढ्या वरसांनी का होईना, माझ्या शिकवण्याचा कुणाला तरी तरास झाला. पण एक विचारतो, राग धरू नको. तुमची कबड्डीची टीम तर जिल्ह्यालाच हारली, पेपरात आलतं. मग विभागीय होईस्तोर त्या पोरांना संघाबाहेर ठिवलं म्हंजी काय केलं? ज्यांच्या ताटात वाढलंच न्हाई, त्यांना उपास सांगितलास. अन् पोरीच्या पुढचं भरलेलं ताट उचललंस. येडे, माप एकच हाय, पण मोजलंस काय ते बघ की.

दुसरं. घेतली का, हे तू विचारलंस. कावून घेतली, हे विचारलंस का? मी उभ्या जन्मात थेंब चाखला न्हाई, पण पोरं लई बघितली. मजेसाठी पिणारं खिदळतं, खोटं बोलतं, दुसऱ्याचं नाव घेतं. ही सरळ कबूल झाली अन् गप बसली. असं गप बसणारं लेकरू कुणाला तरी झाकत असतंय.

तिसरं लिहावं का नको, असं करत दोनदा पेन खाली ठिवला. वास आला की तुला तुझा बाप आठवतो. त्याच्यावरचा राग ह्या पोरीवर तर निघाला न्हाई ना, एवढं तपासून बघ.

माझी तब्येत बरी. सून बिनमिठाचं खाऊ घालती, तेवढा एक जुलूम सोडला तर कशाची तक्रार न्हाई.

तुझा,
नबी मास्तर

*

शिरूर कासार
२८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,
जयभीम.

ताटाचं तुमचं म्हणणं खरं आहे. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यावर काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.

दीपीला विचारलं. कावून घेतलीस, हेच शब्द वापरून विचारलं. ती म्हणाली, "ते सांगता येत न्हाई मॅडम." पुन्हा विचारलं तर पाण्याची बादली उचलून निघून गेली. आता ह्याहून काय करू?

बंदी असली तरी रोज मैदानावर येते. कुणी सांगितलेलं नसताना पाणी मारते, चुन्याची फक्की घेऊन मैदानाच्या पाट्या आखते आणि सराव सुरू झाला की लिंबाखाली जाऊन बसते. तिच्याकडं बघवत नाही.

माझ्या बापाचं नाव तुम्ही घ्यायला नको होतं. तो गेला त्याला बारा वर्षं झाली. त्याचा राग काढायला मला कुणाची पोर लागत नाही.

आम्रपाली

*

नांदूरघाट
५ डिसेंबर २०२४

बेटी,
दुवा.

तू खाली "तुमची विद्यार्थिनी" लिहिलं न्हाईस. मी दोनदा पान उलटून बघितलं.

नाव काढलंच हाय, तर आता पुरं सांगतो. तू आठवीत असताना केजला आपला सामना होता. तू खांबापाशी होतीस, तुला काय दिसणार. तुझा बाप आलता. कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा होता. मी गेलो अन् म्हटलं, "या की आत, पोरगी खेळती तुमची." तर म्हणला, "आज घेतलीय सर. लेकीच्या मैदानात असा कसा येऊ?" पुरा सामना त्यानं भिंतीवरून बघितला. तू आउट झालीस तवा त्यानं भिंतीवर कपाळ टेकलं. निघताना म्हणला, पोरीला सांगू नका. मी शब्द पाळला. आता तो न्हाई अन् माझा बी भरवसा न्हाई, म्हणून सांगितलं.

दारूनं त्या माणसाचं सगळं नेलं, पण तेवढी लाज त्यानं तिला नेऊ दिली न्हाई. तुझ्या कामाला येईल म्हणून लिहिलं.

दीपी बोलत न्हाई तर तिच्या आईला विचार. पोरीचं पोटातलं आईला कळतंय. फोनवर नको, समोर बसून बोल.

नबी मास्तर

*

शिरूर कासार
१० डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र शाळेच्या स्टोअररूममध्ये दार लावून वाचलं. त्याच्याबद्दल आज लिहिता येणार नाही. पण राग गेला, एवढं समजा.

रविवारी नगरकडच्या कारखान्यावर जाऊन आले. दीपीची आई, सिंधुबाई, पाचटाच्या कोपीपुढं भाकरी थापत होती. दीपीचा बाप धोंडीराम उसाच्या गाडीबरोबर गेला होता. मला बघून ती बाई घाबरलीच. "काढली का पोरीला?" पहिला शब्द हा. नाही म्हटल्यावर तिनं मला पाणी दिलं आणि मग सांगितलं. तिच्याच बोलीत लिहिते.

"मॅडम, पूजेची दारू न्हाई म्हणायची नसती अन् वततबी नसत्यात. एकेका कोयत्याच्या नावानं गलास येतो, तो कारभाऱ्यानं प्यायचा. वतला तर त्या साली टोळीतल्या कुणाचा तरी हातपाय तुटतो म्हणत्यात. अन् आमच्या ह्यांनी तर गेल्या उन्हाळ्यात सोडली. दीपीनंच सोडवली. रामपारी शाळेत नेलं अन् तुमच्या त्या खांबाला हात लावायला लावला. म्हणली, मी लावलाय, तुमीबी लावा. तवापासून थेंब न्हाई घेतला मॅडम. पूजेच्या दिवशी गलास हातात आला तर ह्यांचा हात लटलट कापाय लागला. समद्यांचं ध्यान नारळाकडं होतं. दीपी म्हणली, द्या बाबा, मी कोयत्यापाशी ठिवते. ठिवला तर तात्याबानं विचारलं असतं, कुणाचा ह्यो? मग ती ट्रॅक्टरमागं गेली. मी बघितलं, अन् तोंड फिरवलं."

धोंडीरामला हे माहीत नाही. त्याला वाटतं, पोरीनं गलास कोयत्यापाशी ठेवला आणि कुणीतरी उचलला. सिंधुबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "त्यांना सांगू नका. लेकीनं पेली म्हणून कळलं तर मोडत्याल, अन् मोडले की पुन्हा बाटली." मुकादमाला कळलं तर धोंडीराम टोळीतून जाणार. कुणाच्या पायाला कोयता लागला तरी ह्याच्याच नावावर.

म्हणजे सर, मला सगळं कळलंय आणि मी कुणालाच सांगू शकत नाही. हेडमास्तरांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळेल.

आल्यावर दीपीला एवढंच म्हटलं, "तुझ्या आईला भेटले." तिला समजलं. म्हणाली, "नियम खांबाचा हाय ना मॅडम? बाबानं मोडला न्हाई. मी मोडला. मग मीच बसणार की. फकस्त मला वसतिगृहातून काढू नका." मी तिला जवळ घेतलं. ते त्या दिवशीच घ्यायला पाहिजे होतं.

आता मी काय करू? सामने दहा दिवसांवर आलेत.

तुमची विद्यार्थिनी,
आम्रपाली

*

नांदूरघाट
१४ डिसेंबर २०२४

बेटी आम्रपाली,
दुवा.

पत्र वाचलं अन् उगीच अंगणात जाऊन आलो. जाकीर विचारत होता काय झालं. म्हटलं, काय न्हाई, डोळ्यात मिरची गेली. बिनमिठाच्या घरात मिरची कुठून आली, त्याचं त्यानंच समजून घेतलं.

बंदी उठवू नको. उठवलीस तर लोक कारण विचारतील, अन् कारण त्या पोरीचं हाय, तुझं न्हाई. तिनं बसायचं ठरवलंय, तर तिला मानानं बसू दे. पण शिक्षा पाव्हण्यासारखी पाहिजे. आली तशी गेली पाहिजे. सामने झाले की तिची शिक्षा संपली. जानेवारीत कुणी शेपूट धरून वढलं तर तिथं मात्र गप बसू नको.

अन् त्या तीन पोरांच्या ताटात काय हाय ते हुडक. तुमच्या जत्रेत कबड्डी असती ना? सोमेश्वरला माझं नाव सांग. त्याला मीच शिकवलंय, नालायकाला पट्टी पडली की खरं दिसतं.

अल्ला त्या बापाचा हात कापू न देवो.

नबी मास्तर

*

शिरूर कासार
२३ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

आम्ही हरलो. संभाजीनगरला उपांत्य सामन्यात, थोडक्यात. दीपीला पाणी द्यायला बरोबर नेलं होतं. आमच्या मुलीचा खांबावरचा सूर चुकला तेव्हा दीपीनं ओठ चावला. पण सामना संपल्यावर त्याच मुलीला पहिलं पाणी तिनंच दिलं. क्रीडा वसतिगृहाची ह्या वर्षाची निवड तिथंच झाली आणि आमच्यातली कुणीच त्यात नाही. येताना जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले. तुम्हाला सांगायला लाज नाही.

तुमचं नाव सांगताच सोमेश्वर सर ताठ झाले. तिन्ही पोरांना जत्रेतल्या कबड्डीला उतरू दिलं नाही. पोरांच्या घरचे भांडायला आले. मला वाटलं, पोरं माझ्यावर उखडणार. तर दुसऱ्या दिवशी सौरभ मैदानावर आला आणि दीपीच्या हातातली पाण्याची नळी घेऊन स्वतः पाणी मारायला लागला. मला म्हणाला, "आमाला मान्य हाय मॅडम. आमी मजेसाठी पेलो. तिनं कशी पेली ते ट्रॅक्टरमागं बघितलंय आमी. नाक दाबून, आवशीद घेतल्यावानी."

मी विचारलं, "मग इतके दिवस बोलला कावून नाहीस?"

"तिनं बोलू नका म्हटलतं."

तीन उनाड पोरांनी अडीच महिने तोंड मिटून ठेवलं सर. मी त्यांना खिदळणारी पोरं म्हणून मोडीत काढलं होतं.

काल बैठक झाली. हेडमास्तरांनी शेपूट काढलंच, दीपीला वसतिगृहात ठेवायची का? मामाही येऊन बसला होता, नेतो म्हणत होता. मी म्हटलं, शिक्षा चौघांना होती, चौघांची भोगून झाली. पोरं राहणार आणि पोरगी जाणार असेल तर खेळाची सगळी जबाबदारी आजपासून दुसऱ्या कुणी घ्यावी. सोमेश्वर सर म्हणाले, "माझीबी." हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला. दीपी राहिली. मामाला मी चहा पाजून फाटकापर्यंत सोडून आले.

तुमच्या सुनेला नमस्कार. मीठ मागू नका.

तुमची विद्यार्थिनी,
आम्रपाली

*

शिरूर कासार
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय नबी सर,
सविनय जयभीम.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. कोंबडी ह्यावेळी पाय आपटत चालली आहे.

कालच्या दिवसाचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मी मागं लिहिलं नव्हतं. हंगाम संपून टोळी घरी आली तेव्हा सिंधुबाईनं उन्हाळ्यात धोंडीरामला सगळं सांगून टाकलं. तिच्यानं पोटात ठेववेना. दोन दिवस तो जेवला नाही. सिंधुबाई त्याच्या मागं मागं फिरत होती, आता हा गुत्त्यावर जातो का म्हणून. तो गेला नाही.

काल तात्याबाची टोळी निघाली. ह्या वर्षी पूजेला मीही गेले, लेकरांबरोबर. नारळ फुटला, गलास फिरायला लागले. धोंडीरामच्या हातात गलास आला तशी दीपी त्याच्याकडं सरकली. सौरभ माझ्याच शेजारी होता, त्यानं माझ्याकडं बघितलं.

धोंडीराम म्हणाला, "थांब बाळा."

मग तात्याबाकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तात्याबा, मी दारू सोडलीय. गेल्या साली माझ्या वाट्याची माझ्या लेकीनं पेली, कुणाला कळू नये म्हणून. त्यापायी ती खेळाला मुकली. औंदा माझ्या वाट्याची कुणी पिणार न्हाई." आणि त्यानं गलास कोयत्यावर ओतला. हात कापत होता सर, पण सगळा ओतला.

तात्याबाचा चेहरा उतरला. एक जण म्हणाला, "आता ह्या साली कुणाचा नंबर?" मला वाटलं, गेलं ह्या माणसाचं काम. तेवढ्यात तात्याबाची म्हातारी आई, दगडाबाई, खाटेवरनं उठली. तिचा थोरला मुलगा दारूनंच गेला, हे मला मागून कळलं. तिनं कोयत्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "कोयत्याच्या नावची व्हती, कोयत्यानं पेली. वतली कुठं? चला, ट्रॅक्टर चालू करा, उशीर व्हतोय." आईपुढं मुकादम काय बोलणार. त्यानं ट्रॅक्टर चालू करायला सांगितला.

मी दीपीला घेऊन शाळेत आले. विभागीय सामने पुढच्या महिन्यात आहेत, ह्या वेळी ती कप्तान आहे, सराव चुकवून चालत नाही. मैदानात पोचतो न पोचतो तोच टोळीचा ट्रॅक्टर फाटकापाशी थांबला. धोंडीराम उतरला. चपला फाटकात काढल्या, सरळ मैदान ओलांडून खांबापाशी आला आणि खांबाला हात लावला. मी काही म्हटलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. दीपीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि आला तसा गेला.

ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर माझं लक्ष कंपाउंडच्या भिंतीकडं गेलं. तिथं कुणी नव्हतं. तरी सर, मी म्हटलं, "बाबा, या आत." मनातल्या मनात नाही, तोंडानं म्हटलं.

दीपी म्हणाली, "कोण हाय मॅडम?"

"माझे वडील," मी म्हटलं.

तिनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. फक्कीची बादली उचलली आणि पाट्या आखायला लागली.

तुमची विद्यार्थिनी,
आम्रपाली